नॉनवोव्हनच्या धंद्यात उतरण्यापूर्वी

भिवंडीतील यंत्रमागाच्या मंदीची चर्चा आता नवी राहिलेली नाही. सुताचे चढउतार, विजेची बिले आणि बाहेरच्या मालाची स्पर्धा यांमुळे अनेक लहान कारखानदारांवर माग भंगाराच्या भावात विकण्याची पाळी आली. अशा वेळी धामणकर नाक्यावर चार कारखानदार एकत्र आले की एक सल्ला हमखास निघतो : माग विका आणि नॉनवोव्हन पिशवीची मशीन टाका. शेजाऱ्याने टाकली म्हणून आपणही टाकावी, असा हा मामला आहे. या सल्ल्याचा नीट विचार व्हावा, म्हणून आम्ही हा लेख लिहीत आहोत. नॉनवोव्हनची मागणी खरी आहे आणि ती वाढतेही आहे. परंतु ती ज्या मालात वाढत आहे तो माल म्हणजे हातात धरावयाची स्वस्त पिशवी नव्हे.

प्रथम हे कापड काय आहे ते पाहू. यात ताणा नाही, बाणा नाही, बीम नाही, कांडी नाही. लोकर ओली करून, दाबून बुरणूस किंवा नमदा करण्याची कला आपल्या कारागिरांना जुनी आहे. न विणलेल्या कापडाचे तत्त्व तेच. आज बाजारात जो माल जास्त दिसतो त्याला स्पनबॉन्ड म्हणतात. पॉलिप्रॉपिलीनचा दाणा वितळवून त्याचे बारीक तंतू पट्ट्यावर पसरतात आणि उष्णतेने चिकटवितात. दुसरा प्रकार नीडल पंच. त्यात तंतूंच्या थरात काटेरी सुया मारून ते एकमेकांत गुंतवितात. मांडवात अंथरावयाचा गालिचा आणि गादीतील जाड थर यांत हा माल असतो.

स्पनबॉन्ड दिसायला कापडासारखे असले तरी ते प्लास्टिकच आहे. काडी लावून पाहा, सुती कापडासारखी राख न होता वितळून गोळी होते. त्याचा भाव दाण्याच्या भावावर आणि दाण्याचा भाव खनिज तेलावर चालतो. २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध पेटताच कच्चे तेल पिंपाला शंभर डॉलरच्या वर गेले होते. ज्याने आधीच्या भावाने पिशव्यांची ऑर्डर घेतली असेल, त्याला असा झटका कोण भरून देणार?

पिशवीचा धडा

महाराष्ट्र सरकारने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. पातळ पिशवी बंद झाल्यावर दुकानदार नॉनवोव्हनकडे वळले. ही कापडी पिशवी आहे, असा समज सर्वत्र पसरला. प्रत्यक्षात त्याच अधिसूचनेत नॉनवोव्हन पॉलिप्रॉपिलीन पिशवीचेही नाव होते. पहिल्या गुन्ह्याला ५ हजार, दुसऱ्याला १० हजार आणि तिसऱ्याला २५ हजार रुपये दंड व तीन महिने कैद, अशी शिक्षा ठेवण्यात आली. पुढे केंद्र सरकारने ३० सप्टेंबर २०२१ पासून अशी पिशवी चौरस मीटरला किमान ६० ग्रॅम वजनाची असावी, असा नियम केला. २०२२ च्या अखेरीस राज्यानेही ६० ग्रॅमच्या वरच्या मालाला सूट दिली. म्हणजे पाच वर्षांच्या आत नियम तीनदा फिरला. जो धंदा सरकारच्या एका कागदावर उभा राहतो आणि एका कागदावर बसतो, त्यासाठी घरातील दागिने गहाण टाकणे शहाणपणाचे नाही.

कोरोनाचा धडाही ताजाच आहे. जानेवारी २०२० मध्ये आपल्या देशात पीपीई किट जवळपास बनतच नव्हते; मे महिन्यापर्यंत दिवसाला चार लाखांहून अधिक किट बनू लागले. १९ मार्च २०२० रोजी मास्कच्या कच्च्या कापडाच्या निर्यातीवरही बंदी आली होती. त्या काही महिन्यांत ज्याच्याकडे माल होता त्याने कमाविले. साथ ओसरली, मागणी आटली आणि उशिरा उतरलेल्यांच्या गळ्यात मशिनरी पडली. आणीबाणीतील मागणी कायमची समजणे हीच यातील मुख्य चूक होती.

कायमची मागणी कोठे?

आमच्या मते चार ठिकाणे पाहण्यासारखी आहेत. पहिले, स्वच्छतेचा माल. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१५-१६ मध्ये १५ ते २४ वयाच्या सुमारे ५८ टक्के मुली व स्त्रिया मासिक पाळीत स्वच्छ साधने वापरीत होत्या. २०१९-२१ मध्ये हे प्रमाण सुमारे ७८ टक्क्यांवर गेले. सॅनिटरी पॅड व डायपर यांचा वरचा थर नॉनवोव्हनचाच असतो. ही मागणी घरोघरची आहे, परंतु तेथे प्रमाणित माल लागतो आणि मोठ्या कंपन्यांशी गाठ असते.

दुसरे, शेती. सांगोला, पंढरपूर, आटपाडी या भागांत डाळिंबाच्या बागा उन्हापासून वाचविण्यासाठी पांढऱ्या कापडाने झाकतात. हे क्रॉप कव्हर हलक्या वजनाच्या नॉनवोव्हनचे असते. तिसरे, गादी व फर्निचर. सोफ्याची खालची बाजू, गादीतील स्प्रिंगच्या पिशव्या यांत हा माल जातो. चौथे, साडी, सूट, शेरवानी यांची कव्हरे. भिवंडीच्या आसपास गोदामांचे जे जाळे उभे राहिले आहे, तेथून कपडा व पादत्राणे देशभर जातात. हे गिऱ्हाईक आपल्या दारातच आहे.

या शेवटच्या तीन ठिकाणी कापणे आणि शिवणे हे काम आहे, आणि हे काम आपल्या कारागिरांच्या हातात आधीच आहे. नॉनवोव्हन कापड तयार करण्याचा प्लांट मात्र कोटींचा खेळ आहे. २०२१ च्या केंद्राच्या उत्पादन प्रोत्साहन योजनेत तांत्रिक वस्त्रांचा समावेश झाला खरा, परंतु त्या वेळी किमान गुंतवणूक १०० कोटींची ठेवली होती. चार-आठ मागवाल्याचे ते क्षेत्र नव्हे. त्याने रोल विकत घ्यावा, माप घ्यावे, शिवून द्यावे.

नापतोल पूर्ण ठेवा

या धंद्यात फसवणूक वजनात होते. रोल किलोवर विकला जातो. ६० ग्रॅमच्या मालाचे एका किलोत १६ चौरस मीटरहून थोडे अधिक कापड निघते, ४० ग्रॅमच्या मालाचे २५. म्हणजे चाळीसचा माल साठचा म्हणून विकणारा दीडपट पिशव्या काढतो. काहीजण दाण्यात चुन्याची भुकटी जास्त मिसळून वजन भरतात. असे कापड लवकर फाटते. यावर साधा उपाय आहे. ५० सेंटिमीटर लांब व तितकाच रुंद तुकडा कापून काट्यावर ठेवावा. १५ ग्रॅम भरला तर माल साठचा, १० ग्रॅम भरला तर चाळीसचा. घेताना तपासावे आणि देतानाही तपासून द्यावे. पकडला जाईल तो नाक्यावरचा दुकानदार, आणि त्याचा विश्वास गेला की गिऱ्हाईक कायमचे गेले.

माहिती व तपासणीसाठी आपल्या राज्यातच संस्था आहेत. इचलकरंजीच्या डीकेटीई संस्थेत नॉनवोव्हनचे, वरळीच्या सस्मिरात शेतीच्या वस्त्रांचे आणि घाटकोपरच्या बीटीआरएमध्ये रस्ते-बांधकामाच्या वस्त्रांचे केंद्र आहे. एकट्याला जाणे जड वाटत असेल तर पाच-सहा कारखानदारांनी मिळून जावे.

माग विकण्याच्या विचारात असलेल्या बांधवांना आमचे शेवटचे सांगणे असे. नुसती पिशवीच विकावयाची असेल तर सुती कापडाची पिशवी कोणत्याही बंदीत आलेली नाही, आणि तिच्यासाठी मागच लागतो. नॉनवोव्हनकडे जावयाचे असेल तर आधी गिऱ्हाईक ठरवा, त्याचा नमुना शिवून द्या, दोन-तीन महिने दुसऱ्याचा रोल घेऊन काम करून पाहा. भागीदारी करावयाची तर हिशोब व हिस्से पहिल्याच दिवशी लिहून ठेवा. एवढे झाल्यावर मशीनचा विचार करा. तोपर्यंत माग भंगारवाल्याच्या टेम्पोत चढवू नका. तो एकदा गेला की त्या भावात परत येत नाही.