बेलापुरात बसून बोगदा खणता येत नाही

सीबीडी बेलापूरच्या बेलापूर भवनात कोकण रेल्वेचं मुख्यालय आहे. गणपतीचं तिकीट वेटिंगवर गेलं की आपण या इमारतीच्या नावानं बोटं मोडतो, आणि ती मोडावीतच. पण ऑफिसात साहेब होणाऱ्या प्रत्येकानं या महामंडळाची पहिली काही वर्षं जाणून घ्यावीत, असं मला वाटतं.

1990 साली महामंडळ स्थापन झालं आणि रेल्वेतून निवृत्त होणाऱ्या ई. श्रीधरन यांच्याकडे सूत्रं आली. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे 740 किलोमीटरचा मार्ग. नव्वदच्या वर बोगदे, लहानमोठे दोन हजारांच्या आसपास पूल. श्रीधरन यांनी मार्गाचे सात भाग पाडले: महाड, रत्नागिरीचे दोन, कुडाळ, गोवा, कारवार आणि उडुपी. साधारण शंभर किलोमीटरला एक मुख्य अभियंता. त्याच्या हद्दीतले बहुतेक निर्णय त्यानं तिथंच घ्यायचे, त्यासाठीचे अधिकारही त्याच्याकडेच.

यात मनाच्या मोठेपणापेक्षा हिशेब जास्त होता. भागभांडवल केंद्र आणि चार राज्यांचं, बाकी पैसा रोख्यांतून उभा केलेला, म्हणजे व्याज रोज चढणार. त्यात कोकणातला पाऊस, चार महिने हातातून गेलेलेच. कुडाळच्या एखाद्या मोरीची फाइल बेलापूरला यायची, इथल्या तीन टेबलांवर विसावायची आणि शेरा घेऊन परत जायची, तोवर मिरग उजाडला असता.

मग साहेबांनी लक्ष ठेवायचं कशावर? त्यासाठी होती उलटी घड्याळं. काम संपायला किती दिवस उरले, हा आकडा त्यांवर रोज एकानं कमी होई. तो साहेबांना जसा दिसे तसाच सगळ्यांना.

आता ऐरोली-महापेच्या कुठल्याही काचेच्या इमारतीत डोकवा. ‘मला सीसीत ठेव’, ‘पाठवण्याआधी एकदा दाखव’, ‘कुठवर आलं?’ दुपारी तीनला विचारलेलं पुन्हा साडेचारला. घरून काम करणाऱ्याच्या नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा झाला की फोन. माझ्या एका जुन्या साहेबांना ईमेलमधला स्वल्पविरामही स्वतः हलवायचा असे. त्याचा परिणाम मजेशीर झाला. आम्ही मसुदा अर्धाकच्चा पाठवू लागलो. साहेब बदलणारच आहेत, तर आपण कशाला डोकं चालवा? ते आणखी चुका काढू लागले, आम्ही आणखी निष्काळजी झालो आणि दोघांनाही आपलंच खरं वाटत राहिलं.

विश्वास टाकणं म्हणजे पाठीवर हात ठेवून ‘तू बघ रे’ म्हणणं, असा आपला समज असतो. मला विश्वास सहीत दिसतो. हाताखालच्या माणसाला न विचारता किती रुपये खर्च करता येतात? कोणत्या ग्राहकाला ‘नाही’ म्हणता येतं? ‘जबाबदारी तुझी, सही माझी’ या व्यवस्थेत फक्त खापर वाटून दिलेलं असतं.

कोकण रेल्वेत सगळं वेळेत झालं, असं मात्र नाही. पाच वर्षांत संपवायचं काम सातावर गेलं. पूर्ण मार्ग जानेवारी 1998 मध्ये सुरू झाला. कातळाचे बोगदे त्या मानानं निमूट झाले. गोव्याकडच्या मऊ, पाणी धरणाऱ्या मातीनं जीव काढला. खणलेलं पुन्हा पुन्हा ढासळे. कोणी म्हणेल, बघा, वरून नीट लक्ष हवं होतं. पण चिखल सरकताना बेलापूरहून तासातासाला फोन आले असते, तर समोरच्या अभियंत्यानं काय केलं असतं? फोन घेतले असते. ती माती त्याला दिसत होती, इथल्या कोणालाही नाही. त्याला मदत हवी होती ती तंत्राची, यंत्राची आणि पैशाची, आणि ती मिळवून देणं हेच वरच्याचं काम.

आमच्याकडे बढती मिळालेल्या टीम लीडसाठी केक कापतात. खर्चाची मर्यादा शून्यच राहते. साधा हेडफोन घ्यायचा तरी वरची मंजुरी लागते. आणि वर्षअखेरीस अप्रेझलच्या फॉर्मवर त्याच लीडबद्दल तोच साहेब लिहितो, ‘पुढाकार घेत नाही.’ त्या फॉर्मवर लीडनं उत्तर लिहायलाही एक रकाना असतो. यंदा त्यात कोणीतरी आपल्या सहीची मर्यादा आकड्यात लिहावी.