खिशात मावेल, खिशाला झेपेल!

चाकू म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतो तो जुन्या हिंदी सिनेमातला व्हिलन आणि त्याच्या हातातला ‘कर्रर्र’ करत उघडणारा रामपुरी. त्यामुळे ‘मी घडीचे चाकू जमवतो’ असं ऑफिसात नुसतं म्हटलं, तरी शेजारचा कलीग खुर्ची दोन इंच लांब सरकवतो! घाबरू नका मंडळी. आपण बोलतोय ते सफरचंद कापणाऱ्या, पेन्सिल तासणाऱ्या, शेतकऱ्यांच्या आणि शाळकरी पोरांच्या खिशातल्या चाकूंबद्दल. भारी घड्याळं जमवण्यापेक्षा हा छंद कितीतरी स्वस्त. फक्त सुरुवात शहाणपणाने करायची.

माझी तशी झाली नव्हती. ऑफरला भुलून एकदम सहा चाकूंचा बॉक्स उचलला. महिन्याभरात दोघांची पाती लुळी पडली, एकाची मूठच निखळली. तेवढ्या पैशांत आयुष्यभर पुरेल असा एक अस्सल पीस आला असता.

तेव्हा फंडा नंबर एक : आकडा नाही, प्रकार वाढवा. घडीच्या चाकूत सगळा खेळ एकाच प्रश्नाचा असतो - उघडलेलं पातं जागेवर राहणार कसं? त्याची तीन जुनी उत्तरं म्हणजे तीन चाकू. झालं तुमचं स्टार्टर कलेक्शन!

पहिलं उत्तर जपानच्या मिकी गावचं, ‘हिगोनोकामी’. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं हे डिझाइन. स्प्रिंग नाही, लॉक नाही. पत्रा दुमडून केलेली मूठ आणि पात्याच्या मागे एक चिमुकली शेपटी. शेपटीवर अंगठा दाबून धरला की पातं हलत नाही. एके काळी जपानी मुलं यानेच पेन्सिली तासायची.

दुसरं उत्तर फ्रान्समधल्या सावोय प्रांताचं. जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये लाकडी मुठीचा साधा चाकू बनवला आणि १८९७ मध्ये त्याची १ ते १२ अशी मापं ठरवली. १९५५ मध्ये त्याला गोल फिरणारी रिंग आली. रिंग फिरवली की पातं लॉक. सुरुवातीला ८ नंबर घ्या, पातं साडेआठ सेंटिमीटरचं. युरोपात तो वीस युरोंच्या आत मिळतो. ऑनसाइट गेलेल्या मित्राला चॉकलेटांऐवजी हाच आणायला सांगा. मात्र चेक-इन बॅगेत!

तिसरं उत्तर म्हणजे मुठीच्या पाठीत दडलेली स्प्रिंग. इथे स्वित्झर्लंडचा व्हिक्टोरिनॉक्स बेस्ट. कार्ल एल्सनर यांनी १८८४ मध्ये कारखाना काढला आणि १८९१ मध्ये स्विस सैन्याला चाकू पुरवले. तो आपल्याकडे शोरूममध्येही मिळतो. बजेट वाढलं की याच जातीतला अमेरिकेचा ‘केस’ बघा. १९७० पासून पात्याच्या बुडाशी ठिपके असतात, त्यावरून कोणत्या वर्षाचा चाकू ते कळतं. सेकंडहँड घेताना हे फार कामाला येतं.

एक सापळा मात्र टाळा. मधमाशीचं चिन्ह असलेला फ्रेंच ‘लायोल’ दिसतो झकास, पण मधमाशी म्हणजे अस्सलपणाची गॅरंटी नव्हे. या नावाने जगभर कुणीही काहीही विकलंय. स्वस्तात दिसला तर हात आवरा.

आता मेंटेनन्स. कार्बन स्टीलच्या पात्याला धार झटकन लागते, पण कैरी कापलीत की ते करडं-निळं पडतं. ते खराब झालं नाही, उलट मुरलं! लाल गंज मात्र वाईट. कापून झालं की लगेच पुसा आणि शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब फिरवा. फळ कापण्याआधी तेल पुसायला विसरू नका. मुंबईच्या पावसाळ्यात ओपिनेलची लाकडी मूठ फुगून पातं अडकतं. अशा वेळी मुठीचं टोक टेबलावर हलकेच आपटायचं, पातं आपोआप डोकं वर काढतं. सावोयवाल्यांची ही जुनी ट्रिक. पावसाळ्याची झंझटच नको असेल, तर स्टेनलेस घ्या.

आणि थोडं कायद्याचं. आपल्या शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारं येतात. आपले हे चाकू त्याच्या निम्म्यालाही पोचत नाहीत. तरी बटण दाबताच उघडणाऱ्या चाकूंच्या नादी लागू नका आणि कलेक्शन घरीच ठेवा. विमानतळावर लॅपटॉप बॅगेत चाकू सापडला, तर तो हातचा गेलाच समजा.

शेवटचं म्हणजे, चाकू काचेच्या कपाटात कोंडू नका. रविवारी घरच्यांना ओपिनेलने हापूस कापून द्या. आई म्हणेल, ‘अरे, हा तर माझ्या सुरीपेक्षा बरा!’ मग तो तुम्हाला परत मिळणार नाही. पण चौथा चाकू घ्यायला यापेक्षा चांगलं कारण कुठलं?