गावाला कशाला जाता?

मुलगा किंवा मुलगी लंडनला असली की उपनगरातले आईवडील एखादा उन्हाळा तिकडे काढून येतात. परतल्यावर फोनमध्ये कॉट्सवोल्ड्सकडच्या खेड्यांचे फोटो असतात. पिवळसर दगडाची घरं, खिडकीखाली गुलाब, हिरवळीवर क्रिकेट खेळणारे साठीपलीकडचे गृहस्थ, चर्चच्या आवारात केक विकणाऱ्या बायका. फोटो बघून झाले की निष्कर्ष ठरलेला: ‘‘म्हातारपण काढावं तर असं. नाहीतर आपण, बोरिवलीच्या जिन्यात धक्के खातोय.’’ मग ओघानेच कोकणातलं घर निघतं. कौलं परतून घेऊ, मागे संडास-बाथरूम बांधू, ब्लॉक भाड्याने देऊ आणि जाऊन राहू.

या म्हणण्याला वजन आहे, ते आधी मान्य करतो. गावात हवा आहे, निवांतपणा आहे, नावाने हाक मारणारी माणसं आहेत आणि सण-उत्सवांचं एक वर्षभराचं चक्र आहे. उलट उपनगरात शेजारच्या फ्लॅटचं दार बंद, खालच्या मजल्यावर कोण राहतं ते माहीत नाही. आयुष्यभर गाडी पकडली, आता तरी सुटू द्या, असं एखाद्याला वाटलं तर त्यात चूक काय? वाटण्यात चूक काहीच नाही. चूक आहे ती यामागच्या एका गृहीतकात. परंपरा आणि समाज ही खेड्याची मालमत्ता आहे आणि शहरातल्या म्हाताऱ्याने ती तिथे जाऊनच उपभोगावी, हे ते गृहीतक.

आधी त्या फोटोंचाच समाचार घेऊ. इंग्रजी खेड्याची खूण म्हणून जो घुंगरू बांधून करायचा मॉरिस नाच दाखवतात, तो एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बऱ्याच ठिकाणी मरायला टेकला होता. १८९९च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टन क्वारी इथे सेसिल शार्प या गृहस्थाने तो पाहिला आणि पुढे तो टिपून घेतला. शार्प लंडनमध्ये संगीत शिकवत असे. १९११मध्ये त्याने लोकनृत्यांसाठी संस्था काढली आणि त्या चळवळीचं घर, सेसिल शार्प हाउस, १९३०पासून उभं आहे ते लंडनच्या कॅम्डेन भागात. केक विकणाऱ्या बायका बहुधा विमेन्स इन्स्टिट्यूटच्या. ती संस्था १८९७मध्ये कॅनडातल्या ऑन्टॅरिओत जन्मली आणि ब्रिटनमध्ये तिची पहिली शाखा १९१५ साली वेल्समध्ये निघाली. म्हणजे या चित्रातली एक परंपरा लंडनकराने जगवली आणि दुसरी समुद्रापलीकडून आली. समुद्रकाठच्या सेंट आइव्हज गावाचे फोटोही असेच गोड दिसतात. तिथली घरं बाहेरच्यांनी सुट्टीपुरती विकत घेतली, गावकऱ्यांना घर परवडेना, म्हणून २०१६मध्ये चक्क मतदान घेऊन नवी घरं कायम राहणाऱ्यांनाच द्यावीत असं ठरवावं लागलं. (आणि हे चित्र ज्यांनी अगाथा ख्रिस्तीच्या मिस मार्पलवरून मनात धरलं असेल, त्यांनी आठवावं की त्या बाईंच्या गावात खुनांची कधी ददात नव्हती.)

आता आपल्याकडे या. सार्वजनिक गणेशोत्सव १८९३मध्ये उभा राहिला तो पुण्यात आणि गिरगावातल्या केशवजी नाईकांच्या चाळीत. गुढीपाडव्याच्या ज्या शोभायात्रेत आज नऊवारी नेसून आणि फेटे बांधून पार्ल्यापासून मुलुंडपर्यंतच्या आज्या-आजोबा निघतात, ती सुरू झाली डोंबिवलीत, १९९९ साली. पंचवीस-तीस वर्षांचं वय, पण आजच्या मुलांना विचारा, ती शिवकालापासून चालत आली आहे असंच सांगतील.

सगळ्यांत बोलका दाखला अंधेरीचा. १३ मार्च १९९५च्या सकाळी डॉ. मदन कटारिया यांनी लोखंडवालातल्या बागेत पाच माणसं जमवून पहिला हास्यक्लब सुरू केला. आधी रोज विनोद सांगून हसायचे. थोड्या दिवसांत चांगले विनोद संपले, वाईट उरले, त्यांनी लोक दुखावले जाऊ लागले. मग विनोद काढूनच टाकले आणि नुसतं हसायचं ठरलं: हात वर, टाळ्या, ‘हो हो हा हा हा’. लांबून बघणाऱ्याला हा प्रकार खुळचट वाटतो. मलाही कधी कधी वाटतो. पण गुडघेदुखी, सून आणि पेन्शन यांपैकी कशावरही न बोलता वीस माणसं रोज एकत्र येतात, ही साधी गोष्ट नाही. हा क्लब अंधेरीतून जगभर गेला, इंग्लंडच्या बागांतही पोचला. तिथला म्हातारा आज सकाळी टाळ्या वाजवत हसत असेल, तर तो आपल्या उपनगराची परंपरा पाळतो आहे.

कोणी म्हणेल, हे शहरी उद्योग झाले, खरी परंपरा कोकणात शिमग्याला पालखी नाचवतात तीच. ठीक. पण पालखी खांद्यावर घ्यायला कोण येतं? २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९६ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली, सिंधुदुर्गाचीही घटली. महाराष्ट्र फुगत असताना हे दोन जिल्हे आटले. वाडीत दहा घरं असली तर निम्म्यांना कुलूप. शिमग्याला आणि गणपतीला चाकरमानी उतरतात तेव्हा गाव भरतं. ते परत गाडीत बसले की पुन्हा कुलपं. देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी, पाखाडीचं काम, भांडणाचा निकाल, यांतल्या कितीतरी गोष्टी ‘ग्रामस्थ मंडळ, मुंबई’ नावाच्या कमिटीत ठरतात आणि ती कमिटी भरते भांडुपच्या किंवा जोगेश्वरीच्या एखाद्या शाळेच्या वर्गात, रविवारी दुपारी, मुलांच्या बाकांवर गुडघे कोंबून. नमन आणि शक्ती-तुऱ्याचे सामने मुंबईच्या नाट्यगृहांत तिकीट लावून होतात. ज्याला गावाची परंपरा हवी आहे, त्याने एप्रिलच्या मंगळवारी गावात राहून पाहावं. भेटतील माकडं, नारळाची नासधूस आणि ‘गडी मिळत नाही’ हे पालुपद.

दवाखान्याचं मी थोडक्यात सांगतो, कारण ते सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. सिंधुदुर्गातला गंभीर रुग्ण वर्षानुवर्षं गोव्याला बांबोळीच्या इस्पितळात न्यावा लागत आला आहे. आता दोन्ही जिल्ह्यांत सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं निघाली, ती वाढोत. पण आठवड्यातून तीनदा डायलिसिस लागणाऱ्या माणसाने वाडीत घर बांधण्याआधी तिथली रिक्षा रात्री किती वाजेपर्यंत मिळते ते विचारून घ्यावं.

आणि बायकांचं कोणी विचारतच नाही. ‘गावाला जाऊन राहू’ हे वाक्य बहुधा नवऱ्याचं असतं. त्याला पडवीतला झोपाळा दिसतो, तिला पाण्याची मोटर, चूल, येणारे-जाणारे आणि चाळीस वर्षांपूर्वी सोडलेली सासू-जावांची उतरंड दिसते. उपनगरात तिने स्वतःचं जग उभं केलेलं असतं. भिशी, भजनी मंडळ, सोसायटीच्या आवारातला भोंडला. मंगळागौरीच्या खेळांचे ग्रुप बघा. पासष्टीच्या बायका एकसारख्या साड्या नेसून स्टेजवर फुगड्या घालतात, बिदागी ठरवून घेतात आणि परतताना रिक्षाचं भाडं वाटून देतात. तिला झोपाळ्यासाठी हे सोडायला सांगणं म्हणजे नवऱ्याने आपली निवृत्ती साजरी करायला बायकोला पुन्हा कामावर लावणं आहे.

मग उपनगरात समाज कुठे आहे? ज्येष्ठ नागरिक संघाच्या एखाद्या बैठकीला जाऊन बसा. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, रजिस्टरवर सही, महिन्यातल्या वाढदिवसांना एकेक गुलाब, गेलेल्या सभासदासाठी दोन मिनिटं उभं राहणं, मग एक गाणं, एक व्याख्यान, आणि चहाच्या आधी ‘माइक कोणी बंद केला’ यावर वाद. रटाळ असतं हो बऱ्याचदा. अध्यक्ष लांबण लावतात. पण लागोपाठ दोन बैठकांना खुर्ची रिकामी दिसली की संध्याकाळी फोन जातो, तिसऱ्या दिवशी कोणीतरी घरी जाऊन बेल दाबतं. यामागे संस्थांची मोठी पुण्याई आहे. पार्ल्याचा लोकमान्य सेवा संघ १९२३चा, म्हणजे शंभरी ओलांडलेला. गोरेगावात केशव गोरे स्मारक, मुलुंडला महाराष्ट्र सेवा संघ. यांच्या वाचनालयांत सकाळी पेपर उघडायच्या आधी रांग लावणारे सगळे पांढऱ्या केसांचे असतात.

लोकलच्या डब्यातली भजनी मंडळं आणि गाडीचे ग्रुप हेही एक गावच आहे. तीस वर्षं एकाच गाडीने, एकाच दारातून चढलेली माणसं एकमेकांच्या मुलांच्या लग्नात जेवलेली असतात, कर्जाला जामीन राहिलेली असतात. पास संपला तरी हे नातं संपत नाही. आता ही माणसं नॅशनल पार्कात सकाळी फिरताना किंवा स्टेशनबाहेरच्या कट्ट्यावर भेटतात.

गावाशी माझं वैर नाही. पंचाहत्तरीपुढच्यांना ऑगस्ट २०२२पासून एसटी फुकट आहे, पासष्टपासून अर्धं तिकीट आहे. रेल्वेने मात्र ज्येष्ठांची सवलत मार्च २०२०मध्ये काढली ती अजून परत दिलेली नाही. तर एसटीने जा, मे महिना काढा, आंबे-फणस खा, देवाला नारळ ठेवा आणि पहिल्या पावसाआधी परत या. ज्यांची भावंडं तिथे आहेत, हातपाय चालतात आणि बायको मनापासून हो म्हणते, त्यांनी खुशाल राहावं.

पण उपनगरातलं हे गाव राखायचं असेल तर धोका वेगळ्याच बाजूने आहे. घाटकोपरचं पंतनगर, विक्रोळीचं कन्नमवारनगर, चेंबूरचं टिळकनगर, या म्हाडा वसाहतींत जिन्याची पायरी हाच कट्टा होता. इमारत पाडून टॉवर उभा राहतो तेव्हा तळमजल्यावर गाड्या येतात, बाग चढते पोडियमवर आणि शेजारच्या बिल्डिंगमधल्या मित्राला गेटवर नाव लिहून, फोन लावून आत यावं लागतं. ब्रोशरमध्ये जिम असतं, म्हाताऱ्यांना बसायला जागा नसते.

तेव्हा पुनर्विकासासाठी सहकारी संस्था कायद्याच्या कलम ७९अ खाली विशेष सर्वसाधारण सभा बोलावली जाईल, त्या दिवशी कार्पेट एरिया आणि कॉर्पसच्या आकड्यांबरोबर आणखी एक मागणी लेखी द्या. तळमजल्यावर एक खोली, तिला लागून कमोड आणि धरायला दांडी असलेलं स्वच्छतागृह, आणि गेटबाहेर पाठ टेकता येईल असा बाक. विकासक तोंडी हो म्हणेल. करारनाम्यात आणि मंजूर नकाशात ती जागा दाखवल्याशिवाय सही करू नका.