थांबायचे किती आणि विचारायचे कोणाला?

'बोलेल हळूहळू; याचा बापही तीन वर्षांनी बोलला होता!' हे वाक्य आपल्याकडे घरोघरी ऐकू येते. ते धीर देण्यासाठीच उच्चारले जाते. परंतु बालकाच्या मेंदूची वाढ ज्या पहिल्या दोन-तीन वर्षांत सर्वाधिक वेगाने होते, नेमकी तीच वर्षे या धीर देण्यात निघून जातात.

प्रत्येक उशीर म्हणजे आजार नव्हे, हे खरेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६च्या मापदंडांनुसार निरोगी मूल साधारण आठव्या महिन्यापासून साडेसतराव्या महिन्यापर्यंत केव्हाही आधाराविना चालू लागते. तेव्हा शेजारच्या मुलाशी तुलना करून धास्तावण्याचे कारण नाही. मात्र काही लक्षणांत वाट पाहण्यास जागाच नसते. आलेले शब्द मूल विसरू लागले, हाकेला ओ देईनासे झाले किंवा दीड वर्षाचे होऊनही बोटाने वस्तू दाखवत नसेल, तर श्रवणचाचणी आणि विकासाची तपासणी तातडीने व्हायला हवी. सहा-सात महिन्यांचे बाळ लागोपाठ दचकल्यासारखे वाकत असेल, तर घरचे ती पोटदुखी समजतात. प्रत्यक्षात तो आकडीचा एक गंभीर प्रकार असू शकतो. त्याचे निदान ईईजीने होते आणि उपचारांतील विलंबाची किंमत बुद्धीच्या वाढीला मोजावी लागते.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून झाला. त्यात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी आणि पुढील उपचारांसाठी जिल्हास्तरीय केंद्रे अभिप्रेत आहेत. पण शहरी मध्यमवर्गाचे मूल अंगणवाडीत नव्हे, खासगी प्लेग्रुपमध्ये जाते. त्याची पद्धतशीर तपासणी करणे ही कोणाचीच जबाबदारी उरत नाही. दवाखान्यात लस टोचली जाते, वजन होते. मूल काय बोलते, कसे खेळते, हे विचारायला गर्दीत सवड नसते.

ही पोकळी भरून काढायला बाजार टपलेलाच आहे. स्वमग्नतेवर मूलपेशी उपचारांची शिफारस करता येत नाही, असे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्पष्ट केले. तरीही हताश पालक अशा महागड्या आश्वासनांना बळी पडतात. वाचा, वर्तन आणि व्यवसायोपचार यांचा संथ, चिकाटीचा मार्ग त्यांना वेळीच कोणी समजावून सांगितलेला नसतो.

दिव्यांग हक्क कायद्याने २०१६ मध्ये स्वमग्नतेला मान्यता दिली. पण हक्क बजावायचा तर आधी निदान हवे. नवव्या महिन्यात आणि दीड वर्षाच्या सुमारास लसीसाठी मूल डॉक्टरांसमोर येतेच. त्याच वेळी विकासाचे चार प्रश्न विचारून उत्तरे लसीकरणाच्या कार्डावर नोंदविणे बंधनकारक करावे. त्यासाठी नवी इमारत लागत नाही की नवे यंत्र. पालकांनीही 'शंका आहे' एवढे म्हणायला संकोचू नये. शंका खोटी ठरली, तर एक फेरी वाया जाईल; खरी ठरली आणि विचारलेच नाही, तर गेलेले महिने परत येत नाहीत.