टाकी आणि होडी

"जालन्यात कयाक? अरे, आधी नळाला पाणी आलंय का ते बघ!"

गेल्या वर्षभरात हे वाक्य मी मावशीकडून ऐकलं, ऑफिसातल्या मंडळींकडून ऐकलं, आणि इथे नेहमी डोकावणाऱ्या ब्लॉगमित्रांकडूनही ऐकलं. एकेकट्याला उत्तर देऊन दमलो, म्हणून आता एकदाचं लिहूनच टाकतो. पहिल्या दहा वेळा मीही हसलो होतो. आता हसू येत नाही. कारण त्या विनोदाच्या पोटात एक समजूत दडलीय आणि ती समजूत जीवघेणी आहे.

समजूत अशी की पाणी ही भरून ठेवायची वस्तू आहे. हंड्यात भरा, टाकीत भरा, धरणात भरा, मोटार लावून उपसा. पाण्यावर जाणं हे आपलं काम नव्हे, ते कोकणातल्यांनी करावं. आपण काठावर उभं राहून पातळी किती टक्क्यांवर आली ते विचारायचं. झालं!

आता आपल्या जिल्ह्याचा नकाशा उघडा. अंबड, घनसावंगी, परतूर या तीन तालुक्यांची दक्षिण शीव म्हणजे गोदावरी. पलीकडे बीड जिल्हा. जोगलादेवीसारखे उच्च पातळी बंधारे झाल्यापासून पावसाळ्यानंतर कित्येक महिने नदीत पाणी तुंबून असतं. मधून दुधना जाते, वर भोकरदन-जाफराबादकडे केळणा आणि पूर्णा. शहरात मोती तलाव, बाहेर घाणेवाडी. दुष्काळ खोटा आहे असं मी म्हणत नाही. २०१२-१३ मध्ये टँकरच्या मागे धावलेला जालनेकर असं म्हणूच शकत नाही. त्याच काळात लोकांनी पदरचे पैसे घालून घाणेवाडीचा गाळ काढला, याचा मला आजही अभिमान आहे. पण दुष्काळी जिल्ह्यात पाणी नसतंच, हे खरं नाही. ते कधी अजिबात नसतं आणि कधी अंगावर येतं. २०२५ च्या सप्टेंबरअखेर जायकवाडीतून तीन लाख क्युसेकच्या आसपास विसर्ग सुटला, तेव्हा काठच्या गावांतून लोकांना हलवावं लागलं. त्या दिवशी किती गावांत धड एक होडी होती? मी विचारत फिरलो. चप्पू सापडले, ट्रकच्या ट्यूबा सापडल्या. होडी विरळाच.

आणि चैनीचा आरोप करणाऱ्यांना एक बारीकशी आठवण. कयाक पाणी पीत नाही. चार-पाच इंच पाण्यावर तरंगते आणि जाताना जितकं होतं तितकंच मागे ठेवते. एक गाडी धुवायला याहून जास्त पाणी लागतं, पण गाडी घेतली तेव्हा कुणी काही बोललं नाही, उलट पेढे मागितले :)

होडीची हकीकतही सांगतो, कारण विचारणारे बरेच आहेत. किनाऱ्यावरच्या एका पर्यटन व्यावसायिकाने जुना माल काढला, त्यातली ही एक. साडेचौदा फूट लांब, पंचवीस-सव्वीस किलो, एका बऱ्याशा मोबाईलच्या किमतीत. सळया पोचवून रिकाम्या परतणाऱ्या ट्रकवर चढून ती जालन्यात आली. जुनी प्लॅस्टिकची कयाक घेताना बुडाच्या ओरखड्यांना घाबरू नये. ते दिसतात वाईट, करत काही नाहीत. वाळूवरून फरफटत नेल्याने मागचं टोक किती झिजलंय ते मात्र बघावं. उन्हात पडून रंग उडालाय का, पृष्ठभाग खडूसारखा झालाय का, अंगठ्याने दाबलं तर लवचीक लागतं की कडक, हे तपासावं. समुद्री कयाकला आत आडव्या भिंती असतात. त्यांच्यामुळे पुढचे-मागचे कप्पे हवाबंद राहतात आणि ती उलटली तरी बुडत नाही. म्हणून एका कप्प्यात बादलीभर पाणी ओतावं आणि ते बैठकीत झिरपतं का ते पाहावं. झाकणांचं रबर तडकलेलं नको. पोक आला असेल तर काळजी नाही, आपलं जालन्याचं ऊन तो एका दुपारी काढतं. पण एरवी सावलीतच ठेवा, नाहीतर तेच ऊन प्लॅस्टिक खातं.

गंमत पुढेच आहे. ही होडी कशी बनते माहितेय? साच्यात प्लॅस्टिकची भुकटी घालतात, साचा भट्टीत दोन अक्षांभोवती हळूहळू फिरवतात, भुकटी वितळून आतल्या बाजूला सगळीकडे सारखी बसते, गार झालं की अखंड पोकळ वस्तू बाहेर. आपल्या गच्चीवरची काळी टाकी अगदी अशीच बनते. तेच पॉलिथिलीन, तीच पद्धत. म्हणजे गावोगावी, घरोघरी ज्या मालाची टाकी पोचली त्याच मालाची होडी पोचली नाही. अडलं ते आपल्या डोक्यात.

याची किंमत कोण देतं? गंगापूर तालुक्यातलं भिवधानोरा आठवा. जायकवाडीच्या फुगवट्यापायी तिथली मुलं थर्माकोलच्या तुकड्यांवर बसून, हाताने पाणी सारत शाळेत जात होती. २०२३ मध्ये या बातमीची उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. जायकवाडीचं उद्घाटन १९७६ चं. जवळजवळ पन्नास वर्षांत आपण पाणी अडवलं, मोजलं, त्याच्या वाटपावरून नगर-नाशिकशी भांडलो. ते ओलांडणाऱ्या पोरांना मात्र फ्रिजच्या खोक्यातला थर्माकोल दिला!

बरं, या भागाला होडीचं वावडं पहिल्यापासून होतं का? पैठणहून राज्य केलेल्या सातवाहनांच्या घराण्यातल्या यज्ञश्री सातकर्णीच्या नाण्यावर दोन डोलकाठ्यांचं जहाज आहे. आणि नदी ओलांडता न येण्याचा अर्थ निजामाला विचारा. १० ऑगस्ट १७६३, राक्षसभुवन. निजाम फौजेचा एक भाग घेऊन गोदावरीच्या उत्तर काठाला गेला, विठ्ठल सुंदर उरलेल्या फौजेसह दक्षिण काठावर, मध्ये पूर. माधवराव पेशव्यांनी मागे राहिलेल्यांना गाठलं, विठ्ठल सुंदर मारला गेला आणि निजामाला पलीकडून मदत पोचवता आली नाही. आज पूर आला की आपणही काठावर उभे राहून पुण्याहून एनडीआरएफ आणि धुळ्याहून एसडीआरएफ येण्याची वाट बघतो. ते जीव धोक्यात घालून येतात, त्यांना सलाम. पण पाणी त्यांच्या आधी येतं.

नदीत बसून वल्हं मारल्यावर आणखी एक कळतं. घोट्याएवढं पाणी, वल्हं वाळूला टेकतंय, आणि पुढच्याच हाताला ते कुठेच टेकत नाही. वाळूउपशाचा खड्डा. काठावरून दोन्ही ठिकाणचं पाणी सारखंच दिसतं. पोहायला उतरलेली मुलं अशाच ठिकाणी जातात आणि आपण 'नदीने बळी घेतला' म्हणून मोकळे होतो. नदीने कसला बळी घेतला? खड्डा कुणी केला ते सगळ्या गावाला ठाऊक असतं.

यावर आपला उपाय म्हणजे पाटी. 'येथे पोहण्यास सक्त मनाई आहे.' एका कार्यालयात मी विचारलं, पाटीशेजारी एक दोर आणि एक हवेची ट्यूब टांगता येईल का? उत्तर आलं, "मग लोक पाण्यात उतरतील." धन्य!

माझं म्हणणं एवढंच. कयाकमध्ये एकच माणूस बसतो, तिने शाळेची मुलं वाहता येणार नाहीत, हे मला कळतं. पण टाकी बनवणारा साचा बदलला की सहा जणांची रुंद, सपाट, न बुडणारी होडी त्याच भट्टीत बनते. फुगवट्याकाठच्या प्रत्येक गावात अशा दोन होड्या, दहा लाईफ जॅकेट, आणि त्या चालवायला भोई समाजातली तरबेज माणसं पगारावर. चौथीपासून प्रत्येक मुलाला पोहणं. हे मागायला धरणाएवढा निधी लागत नाही, गावच्या ग्रामसभेत एक हात वर करावा लागतो.

मावशी, तुझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंच. नळाला पाणी आज आलेलं नाही. गोदावरीला आहे. येत्या रविवारी चल, तुझ्या मापाचं जॅकेट आणून ठेवलंय.