इंजिन बदलावे, पण कोठवर?

एखाद्या जुन्या, नावाजलेल्या छोट्या मोटारगाडीत आजच्या बनावटीचे जोरदार इंजिन बसवावे की बसवू नये, हा प्रश्न वरवर पाहता गॅरेजमधील मंडळींचा वाटतो. शाळेच्या वार्षिकात त्याचे काय काम, असेही कोणी विचारील. परंतु यंत्रांची आवड असलेले विद्यार्थी या विषयावर मोठ्या हिरिरीने वाद घालताना दिसतात. एक पक्ष म्हणतो, जुने ते जसेच्या तसे जपावे, त्याला हात लावणे हे पाप होय. दुसरा म्हणतो, जी चालत नाही ती जपून काय करावयाची? नवे इंजिन घाला आणि पळवा. हे दोन्ही पक्ष अपुरे आहेत, असे आमचे मत आहे. ते का, हे पाहण्यासाठी इंग्लंडच्या 'मिनी' या जगप्रसिद्ध छोट्या गाडीचे उदाहरण घेऊ.

१९५६ साली सुएझ कालव्याचा पेचप्रसंग उद्भवला आणि ब्रिटनमध्ये पेट्रोलचे नियंत्रित वाटप सुरू झाले. थोडे पेट्रोल खाणारी, तरीही चार माणसांना नीट सामावून घेणारी गाडी हवी होती. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे प्रमुख लिओनार्ड लॉर्ड यांनी हे काम अॅलेक इसिगोनिस या अभियंत्यावर सोपविले. मात्र इंजिन कंपनीजवळ आधीपासून असलेलेच वापरावे, अशी अट घातली. इसिगोनिस यांनी ते इंजिन उभे न ठेवता आडवे वळविले, गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली तेलाच्या भांड्यातच बसविला आणि पुढच्या चाकांना गती दिली. चाके अवघी दहा इंचांची ठेवली. परिणाम असा झाला की, दहा फूट लांबीच्या त्या गाडीतील सुमारे ८० टक्के जागा माणसांना व सामानाला मिळाली. १९५९ साली ही गाडी लोकांपुढे आली. आज रस्त्यावर धावणाऱ्या बहुतेक छोट्या गाड्यांत इंजिन आडवे असते, हे या गाडीच्या यशाचेच फळ होय.

या कथेतील एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. प्रारंभीच्या नमुन्यांत ९४८ सी. सी. चे इंजिन होते आणि त्यांचा वेग ताशी ९० मैलांच्या घरात गेला. एवढ्याशा गाडीला हा वेग फार झाला, असे ठरवून विक्रीच्या गाडीत इंजिन ८४८ सी. सी. चे करण्यात आले. त्याची शक्ती ३४ अश्वशक्ती आणि वेग ताशी सुमारे ७२ मैल. म्हणजे, जी शक्ती हाताशी होती ती निर्मात्यांनी विचारपूर्वक कमी केली. मिनीचे माप हे दारिद्र्याचे माप नव्हते. ते विवेकाचे माप होते.

याचा अर्थ तिची शक्ती कधीच वाढविली गेली नाही, असा मात्र नव्हे. १९६१ साली 'मिनी कूपर' आली, तेव्हा शक्ती ५५ अश्वशक्तींवर गेली. परंतु त्याच वेळी पुढच्या चाकांना डिस्क ब्रेकही बसविण्यात आले. धावण्याचे बळ वाढवावयाचे तर थांबण्याचे बळ बरोबरीने वाढविले पाहिजे, हा त्यातला धडा. पुढे याच वंशातील 'कूपर एस' गाड्यांनी १९६४, १९६५ आणि १९६७ साली माँटे कार्लोची कठीण शर्यत जिंकली.

आता आजचे हौशी लोक काय करतात ते पाहा. होंडा कंपनीचे १६०० सी. सी. चे, सुमारे १६० अश्वशक्तींचे इंजिन आणून ते मिनीत बसवितात. गाडीचे वजन जेमतेम ६०० किलो. शक्ती मूळच्या साडेचार पटींहून अधिक! या इंजिनाचा गिअरबॉक्स खाली नसून बाजूला असतो, त्यामुळे ते जुन्या जागेत सहजी मावत नाही. पुढची चौकट नवी करावी लागते, आतला पत्रा कापावा लागतो, काही वेळा गाडीचे नाकही लांबवावे लागते. आणि भौतिकशास्त्राचा नियम कोणाच्या हौसेखातर बदलत नाही. वेग दुप्पट झाला की, गाडी थांबविताना ब्रेकने शोषावयाची ऊर्जा चौपट होते. जुन्या ड्रम ब्रेकवर असे इंजिन चढविणे म्हणजे स्वतःचा आणि रस्त्यावरील परक्याचाही जीव टांगणीला लावणे होय.

बदल करणाऱ्यांची बाजू अगदीच निराधार आहे, असे नाही. जुनी इंजिने तेल गाळतात, घाटात तापतात, त्यांचे सुटे भाग दुर्मिळ होत चालले आहेत. त्यांचा धूरही आजच्या मानाने अधिक घाणेरडा. पत्र्याच्या छपराखाली गंजत पडण्यापेक्षा नव्या हृदयाने गाडी चालू राहणे काय वाईट, हा त्यांचा सवाल रास्त आहे.

तेव्हा प्रश्न बदलाचा नसून कोठवर बदलावे याचा आहे. आपल्या गोव्यातील जुने घर डोळ्यांपुढे आणा. त्याची फुटकी कौले बदलली, विजेचे दिवे आले, विहिरीवर पंप बसला, तरी घर तेच राहते. पण ज्या राजांगणाभोवती सारे घर उभे आहे, तेच बुजवून वर स्लॅब घातला तर? भिंती उरतील, घर उरणार नाही. मिनीचे आडवे इंजिन आणि त्याच्या पोटातील गिअरबॉक्स हे तिचे राजांगण आहे. गाडीचा सारा आकार त्याच्याभोवती जन्माला आला आहे.

प्रत्येक गाडीची गोष्ट अशी नसते. याच इसिगोनिस यांची १९४८ सालची 'मॉरिस मायनर' पाहा. तिच्यासाठी त्यांच्या मनात निराळेच इंजिन होते; प्रत्यक्षात तिला युद्धपूर्व काळातले जुने इंजिन मिळाले आणि १९५२ पासून ऑस्टिनचे. इंजिने पाहुण्यांसारखी आली आणि गेली, तरी मायनर ही मायनरच राहिली. आपल्याकडील अँबॅसडरनेही २०१४ साली उत्पादन थांबेपर्यंत अनेक इंजिने पाहिली. अखेरच्या काळात तर तिच्यात जपानी इसुझूच्या रचनेचे इंजिन होते. तेवढ्याने तिला अँबॅसडर म्हणावयाचे कोणी सोडले नाही. ब्रिटनच्या वाहन नोंदणी खात्याने बदललेल्या गाडीची ओळख ठरविण्यासाठी दीर्घकाळ जी गुणपद्धती वापरली, तिच्यात मूळ सांगाड्याला ५ गुण होते आणि इंजिनाला अवघा १. व्यवहारात हे ठीकच. पण मिनीपुरते बोलावयाचे तर त्या एका गुणातच सारा अर्थ सामावलेला आहे.

आपल्या देशात कायद्याचाही विचार करावा लागतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणे नोंदणीपत्रातील तपशिलाशी विसंगत असे फेरफार गाडीत मनमानीने करता येत नाहीत. शिवाय २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीला 'व्हिंटेज' म्हणून नोंद हवी असेल, तर ती मूळ रूपात राखलेली असावी लागते. इंजिनात मोठा फेरफार केला की तो मान जातो.

म्हणून, विद्यार्थी मित्रहो, उद्या तुमच्या हाती पाना येईल तेव्हा चार प्रश्न स्वतःला विचारा. ही गाडी ज्या कल्पनेतून जन्मली, ती कल्पना या बदलानंतर शिल्लक राहील काय? शक्तीबरोबर ब्रेक, चाके व सांगाडा यांचे बळ वाढविले आहे काय? नोंदणी अधिकाऱ्यापुढे हा बदल उघडपणे मांडता येईल काय? आणि चौथा, सर्वांत महत्त्वाचा : पुढच्या पिढीला वाटले, तर ही गाडी पूर्ववत करता येईल काय? मूळ इंजिन तेल लावून, झाकून, जपून ठेवले असेल आणि पत्र्याला कात्री लागली नसेल, तर तुमचा बदल हा केवळ एक मुक्काम ठरेल. पत्रा कापलात, मूळ इंजिन भंगारात घातलेत, तर तुम्ही पुढच्यांचा निर्णयही आजच करून टाकलात. वडिलार्जित वस्तू वापरण्याचा हक्क आपल्याला खचित आहे. पण आपण तिचे अखेरचे वारस आहोत, अशा थाटात तिला हात लावण्याचा हक्क कोणालाच नाही.