संघ पेठेचा की धनिकाचा?

कोल्हापूरच्या फुटबॉलचे एक वैशिष्ट्य आहे. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ ही तेथील संघांची नावे कोणा कंपनीची नाहीत. ती तालमींची आणि मंडळांची आहेत. राजर्षी शाहू स्टेडियमवर जमणारा प्रेक्षक आपल्या पेठेचा सामना पाहायला येतो. याच मातीतला अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. परंतु अलीकडे या संघांचा खर्च वाढला आहे. बाहेरगावचे आणि परदेशी खेळाडू येऊ लागले, त्यांचे मानधन आले, निवासाची सोय आली. वर्गणी मात्र त्या वेगाने वाढत नाही. मधली दरी भरून काढण्यासाठी बांधकाम व्यावसायिक, कारखानदार किंवा पुढारी यांच्याकडे पाहण्याचा मोह स्वाभाविक आहे. कुरुंदवाडसारख्या गावातील तरुण मंडळांपुढेही आज ना उद्या हाच प्रश्न येणार आहे.

प्रश्न साधा अंकगणिताचा आहे. समजा, एखाद्या संघाचा वार्षिक खर्च दहा लाखांचा आहे आणि वर्गणी, बक्षिसे व स्थानिक जाहिराती मिळून चार लाख जमतात. उरलेले सहा लाख एकच गृहस्थ देत असतील, तर संघाचा ताळेबंद कागदावर जुळतो. पण संघाचे आयुष्य त्या गृहस्थाच्या मर्जीइतके आणि त्याच्या धंद्याच्या तेजीइतकेच राहते. शिवाय एका संघाने असा आश्रयदाता मिळवला की इतरांनाही तो शोधावा लागतो. सर्वांचे मानधन वाढते, विजेता मात्र एकच राहतो. अर्थशास्त्राच्या भाषेत ही उधळपट्टीची शर्यत आहे, आणि तिच्यात धावणाऱ्या बहुतेकांच्या वाट्याला फक्त तूट येते.

हे अनुमान नव्हे. महाराष्ट्राने त्याचा अनुभव घेतला आहे. महिंद्र युनायटेडने २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकली. २०१० साली उद्योगसमूहाने संघ बंद केला. पिरामल समूहाचा पुणे एफसी २००७ साली स्थापन झाला आणि २०१५ मध्ये गुंडाळला गेला. मुंबई एफसी आणि डीएसके शिवाजीयन्स यांचा शेवट २०१७ मध्ये झाला. वाधवान समूहाचा एफसी पुणे सिटी २०१९ मध्ये आर्थिक अडचणीत सापडून संपला आणि त्याची जागा हैदराबादच्या नव्या संघाने घेतली. यांतील एकाही संघाच्या प्रेक्षकाला निर्णयाच्या वेळी कोणी विचारले नाही. विचारण्याची तरतूदच नव्हती.

इंग्लंडच्या खालच्या श्रेणीतील बरी या क्लबची कथा अधिक बोलकी आहे. १८८५ साली स्थापन झालेला हा क्लब २०१८ च्या डिसेंबरात अवघ्या एका पौंडाला नव्या मालकाच्या हाती गेला. त्याच हंगामात संघाने वरच्या श्रेणीत बढती मिळवली, पण खेळाडूंचे पगार थकले होते. ऑगस्ट २०१९ मध्ये लीगने त्याला काढून टाकले. मैदानावर जिंकणारा संघ हिशेबाच्या वहीत हरला. याउलट, २००२ साली विम्बल्डनचा संघ मालकांनी दूरच्या शहरात हलविण्याचे ठरविले, तेव्हा चाहत्यांनी स्वतःचा क्लब काढला, नवव्या श्रेणीपासून सुरुवात केली आणि २०११ मध्ये तो फुटबॉल लीगमध्ये नेऊन पोचविला. जर्मनीत क्लबच्या मतांचे बहुमत, काही अपवाद वगळता, सभासदांकडेच राहावे असा नियम आहे. त्यामुळे तेथील फुटबॉल दरिद्री झालेला नाही.

धनिकाचा पैसा घेतला नाही तर बूट, प्रशिक्षक, दुखापतीवरील उपचार कोठून येणार, असा आक्षेप घेतला जातो. तो गंभीर आहे. हलाखीचे उदात्तीकरण करण्यात अर्थ नाही. गरीब घरातल्या खेळाडूला मानधन मिळालेच पाहिजे. सभासदांची मालकी म्हणजे आपोआप सचोटी, असेही नाही. शिरोळ तालुक्यातील ऊस उत्पादकाला भागभांडवल, वार्षिक सभा आणि अहवाल म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. पण राज्यातील अनेक सहकारी कारखाने एकेका घराण्याच्या हाती कसे गेले, हेही त्याने पाहिले आहे. जेथे सभासद झोपतो, तेथे संस्था दुसऱ्याची होते.

म्हणून प्रश्न पैसा नाकारण्याचा नाही, पैशाच्या अटींचा आहे. देणगी घ्यावी, पण ती देणगी म्हणूनच. उसनवार म्हणून नव्हे, कारण मालकाचे कर्ज हा क्लबच्या गळ्यातला फास असतो. कोणा एकाची देणगी एकूण उत्पन्नाच्या ठराविक हिश्श्याहून अधिक नसावी. खेळाडूंच्या मानधनाला संघाच्या स्वतःच्या उत्पन्नाशी जोडलेली मर्यादा असावी, आणि ती सर्व संघांनी एकत्र पाळावी; एकट्याने पाळणारा हरतो. मंडळ नोंदणीकृत असावे, हिशेब तपासलेले असावेत आणि वार्षिक सभेत ते वाचून दाखवावेत. एक सभासद, एक मत, देणगीदाराचेही एकच. नाव, रंग आणि खेळण्याची जागा यांबाबतचा निर्णय सभेखेरीज कोणी घेऊ नये.

कुरुंदवाडने राजाश्रय पाहिला आहे. १९४८ मध्ये पटवर्धनांची संस्थाने विलीन झाली आणि संस्थानिकाच्या मर्जीवर उभे असलेले सारे काही नव्याने उभे करावे लागले. आता नवे संस्थानिक गावोगावच्या मैदानांवर येत आहेत. त्यांच्या हातात चषक आहे आणि मागे निवडणूक आहे. कार्यकर्त्यांनी आपापल्या मंडळात जाऊन पहिली मागणी एवढीच करावी: गेल्या वर्षीचा जमाखर्च फलकावर लावा. ज्या मंडळात ही मागणी पुरी होईल, तेथील संघ एखादा सामना हरेल, पण पेठेचाच राहील.